तो बर्फ नाही हो, क्षार आहेत!

मागच्या अंकात आपण तुर्कस्तानातल्या पामुक्कलेचा एक फोटो छापला होता, पांढऱ्याशुभ्र पायऱ्या, त्यात निळसर पाणी, आणि खाली एवढीच ओळ, 'पाण्याने बांधलेला डोंगर'. झालं! तेव्हापासून मेसेज थांबतच नाहीयेत, कोणाला तो बर्फ वाटला, कोणाला फोटोशॉप, एका काकांनी तर विचारलं की हे दिवाळीच्या किल्ल्यासारखं प्लास्टर ऑफ पॅरिसचं केलंय का. म्हणून यावेळचे सगळे प्रश्न ह्याच विषयावरचे घेतलेत. पामुक्कले आणि थायलंडचे एरावन धबधबे मी स्वतः बघितलेत, मेक्सिकोचं हिएर्वे एल आग्वा भाचीने सांगितलेलं आणि मी वाचलेलं आहे, ते तसंच समजून घ्या.

प्रश्न: ताई, मे महिन्यात तुर्कस्तानची ग्रुप टूर घ्यायचं चाललंय. सासूबाई सोबत आहेत, वय 68, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीयेत. पामुक्कलेला म्हणे चपला काढूनच चालावं लागतं. त्यांना जमेल का, की बसमध्येच बसवून ठेवायचं? – एक सून, डोंबिवली

बसमध्ये अजिबात नका हो बसवू, एवढे पैसे भरून बिचाऱ्या पार्किंग बघणार का! (2025 मध्ये तुर्कस्तानला जावं की जाऊ नये यावरून आपल्याकडे बराच वाद झाला, कितीतरी टूरवाल्यांनी बुकिंगच थांबवलं होतं, तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, मी फक्त पायांबद्दल सांगते.)

मुख्य गोष्ट कुठल्या गेटने आत जायचं ती आहे. एक गेट खाली गावात आहे, तिथून शिरलात की अख्खा पांढरा चढ अनवाणी चढायचा, हे सासूबाईंसाठी नाही. दुसरं दक्षिणेचं गेट, ते वरच्या अंगाला आहे, तिथून सपाट रस्त्याने आणि लाकडी पायवाटेने चपला घालूनच कडेपर्यंत जाता येतं, बसायला बाकं आहेत, आणि खरं सांगू का, अख्खा डोंगर उलगडून दिसतो तो वरूनच. चपला काढायच्या त्या फक्त पांढऱ्या दगडावर उतरताना. उत्तरेचंही एक गेट आहे पण तिथून जुन्या शहराच्या अवशेषांतून बरंच चालावं लागतं. तेव्हा टूर मॅनेजरला आत्ताच विचारून ठेवा, आम्हाला कुठल्या गेटला सोडणार, आणि वेळ किती देणार. आमच्या टूरमध्ये त्या बाबाने चाळीस मिनिटं दिली होती, चाळीस! त्यातली दहा टॉयलेटच्या लाइनमध्ये गेली, आणि मग परत यायला उशीर झाला म्हणून सगळ्यांसमोर ओरडा मला.

आता पायांचं. नाव पामुक्कले म्हणजे 'कापसाचा किल्ला', आणि फोटोत दिसतंही तसंच मऊ, पण पाय ठेवल्यावर कळतं की हा कापूस भलताच टोचरा आहे. पाणी वाहून वाहून दगडावर बारीक बारीक लाटा उमटल्यात, म्हणजे खवणीच्या पाठीवर चालतोय असं वाटतं, आणि कुंडाच्या तळाशी मात्र पांढरा गाळ, एकदम साबणासारखा. टोचतं तिथे घसरत नाही, घसरतं तिथे टोचत नाही, असा तो हिशोब आहे. सासूबाईंना उतरायचंच असेल तर पहिल्याच उथळ कुंडाच्या काठावर बसून पाय सोडू दे पाण्यात, दोघांनी दोन बाजूंनी धरा, पुढे जाऊ नका. चपलांसाठी एक कापडी पिशवी घ्या, हातात चपला धरून तोल जातो, मी पडता पडता वाचलेय. आणि गॉगल, गॉगल विसरू नका, मे मधल्या दुपारी पांढऱ्यावरून जे ऊन डोळ्यात येतं ना, कोकणात पुळणीवर उभं राहिल्यासारखं.

अजून एक, म्हणजे तिथे गेल्यावर हिरमोड नको म्हणून सांगते. सगळ्या पायऱ्यांत पाणी नसतं. पाणी ठरवून, आळीपाळीने सोडतात, आज ह्या भागात, उद्या त्या, बाकीच्या कोरड्या ठेवतात. आणि आपण ज्या कुंडांतून चालतो ती बरीचशी माणसाने बांधलेली आहेत. आधी तिथे चक्क डांबरी रस्ता होता डोंगरावरून, गाड्या जायच्या, वर हॉटेलं होती, झऱ्याचं गरम पाणी हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये आणि सांडपाणी पांढऱ्या दगडावर. डोंगर करडा पडायला लागला. 1988 मध्ये युनेस्कोने पामुक्कले आणि वरचं हिएरापोलिस हे प्राचीन शहर जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं, पुढे हॉटेलं पाडली, रस्त्याच्या जागी कुंडं केली. म्हणून शिट्टी वाजवणारे गार्ड आहेत, ते उगाच खवट नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या एकाने चप्पल नुसती घातली, चार पावलंसुद्धा नाही, लगेच फुर्रर्र!

प्रश्न: माझा मुलगा 11 वर्षांचा आहे. फोटो बघून विचारतो, पाणी तर दगड झिजवतं, मग पाण्यापासून दगड कसा झाला? मी म्हटलं गूगल कर. पण तुम्ही सोप्पं सांगा ना. – बाबा, मुलुंड

बाबा, मुलगा हुशार आहे, त्याचा प्रश्न तुम्हाला वाटतो त्यापेक्षा अवघड आहे!

त्याला बाथरूममध्ये न्या. तुमच्याकडे नुसतं बीएमसीचं पाणी असेल तर फार काही दिसणार नाही, तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी तसं मऊ असतं. पण सोसायटीत फ्लशला बोअरिंगचं पाणी येत असेल किंवा एप्रिल-मे मध्ये टँकर लागत असेल तर त्या नळाच्या तोंडाशी बघा, पांढरी खरखरीत कड जमलेली असते, नखाने निघत नाही. गिझरवाला कॉइल बाहेर काढून दाखवतो आणि म्हणतो 'मॅडम क्षार बघा किती बसलाय', तोच प्रकार. पामुक्कले म्हणजे हजारो वर्षं कोणीच न साफ केलेला नळ.

आता कसं होतं ते. पाऊस जमिनीत मुरतो, मातीत कार्बन डायऑक्साइड असतो तो पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, अगदी पाणीदार सोड्यासारखं समजा. खाली चुनखडीचा दगड लागला की हे आंबट पाणी तो दगड विरघळवून पोटात घेऊन चालायला लागतं. वर झऱ्यातून बाहेर आलं, उघड्या हवेत आलं, आपटलं, पसरलं, की सोड्याची बाटली उघडल्यावर गॅस जातो तसा तो गॅस निघून जातो. गॅस गेला की पाण्याला चुना पोटात धरून ठेवता येत नाही, तो बाहेर पडतो आणि जिथे पडतो तिथे चिकटतो. पाणी सगळ्यात जास्त कुठे खळखळतं? काठावरून सांडताना. म्हणून काठच उंच होत जातो, आणि सपाट उतारावर आपोआप वाट्या तयार होतात. रस्त्याच्या जागी केलेली कुंडं सोडली तर कोणी कोरलेल्या नाहीत त्या. शेवाळ आणि जिवाणूही ह्यात मदत करतात, क्रोएशियाच्या प्लिटविसला तर शेवाळावर चुना बसत बसत धरणंच्या धरणं झालीत, 16 तळी आहेत अशी एकाखाली एक, आणि ते बांध वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात.

म्हणजे त्याचं म्हणणं बरोबर आहे, पांडवकड्याचा धबधबा दगड खात खात मागे सरकतो. असा चुन्याचा धबधबा मात्र स्वतःचाच दगड टाकत टाकत पुढे येतो. प्रयोग करायचा असेल तर त्या नळावरच्या पांढऱ्या कडेवर विनेगरमध्ये भिजवलेला कापूस ठेवा, बारीक बुडबुडे येतील, तोच गॅस परत सुटतोय. (नंतर नळ धुवा, नाहीतर घरातून मला शिव्या पडतील.)

प्रश्न: आमच्या लहानपणी वज्रेश्वरीला जायचो, गरम पाण्याच्या कुंडात अंघोळ करायचो. तिथेही पाणी जमिनीतूनच येतं की. मग आपल्याकडे असा पांढरा डोंगर का नाही झाला? की झालाय आणि आपल्यालाच किंमत नाही? – एक आजोबा, गिरगाव

आजोबा, तुमचा टोमणा पोचला. अर्धा बरोबर आहे.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, खाली कोकणात उन्हवरे, तुरळ, राजवाडी, गरम पाणी आपल्याकडे भरपूर आहे. पण पाणी गरम असणं वेगळं आणि त्यात चुना असणं वेगळं. आपला सह्याद्री लाव्ह्याचा, काळा बेसॉल्ट, त्यात तुर्कस्तानसारखे चुनखडीचे जाड थर नाहीत, त्यामुळे पाणी तापून वर येतं खरं पण पांढरा डोंगर बांधण्याइतका चुना त्याच्या खिशातच नसतो. म्हणून तानसाच्या काठी कुंडं झाली, पायऱ्या नाही झाल्या.

आणि आता दुसरी अर्धी गोष्ट, जी ऐकून मलाही आश्चर्य वाटलं होतं. पारनेर तालुक्यात वडगाव दर्या नावाचं गाव आहे, दर्याबाईच्या देवळासाठी प्रसिद्ध, अहिल्यानगर जिल्हा. तिथल्या दरीत कड्यावरून चुन्याचे झुंबरासारखे लवणस्तंभ लोंबकळतात. बेसॉल्टमध्येही थोडं कॅल्शियम असतंच, दगड कुजताना ते सुटतं, आणि कड्यावरून पाणी ठिबकत राहिलं की शतकानुशतकं असं काहीतरी तयार होतं. कल्याणहून माळशेज चढून आळेफाटा, आणि तोच रस्ता पुढे टाकळी ढोकेश्वरकडे जातो, त्याच भागात. गाडी असेल तर मुक्काम करून सहज होतं. त्याच तालुक्यात निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे आहेत, ते तुम्ही बघितले असतीलच. म्हणजे एका तालुक्यात एकीकडे पाण्याने दगड कोरून रांजण केले आणि दुसरीकडे पाण्यानेच दगड टांगून ठेवला! फक्त पामुक्कलेची अपेक्षा ठेवून जाऊ नका, हे छोटं आहे, करडं-तपकिरी आहे, आणि देवस्थान आहे. नातवंडांना हात लावू देऊ नका, हाताच्या तेलाने त्यावर पुढचा थर नीट बसत नाही.

प्रश्न: आम्ही चार मैत्रिणी, जुलैमध्ये ऑफिसला सुट्टी मिळतेय. थायलंडचं एरावन किंवा लाओसचं क्वांग सी, दोन्ही धबधब्यांपैकी कुठला करू? रील्समध्ये दोन्हीकडचं पाणी फिरोजी रंगाचं दिसतं, आम्हाला तसेच फोटो पाहिजेत. – अंधेरी

मग जुलैमध्ये जाऊ नका! विषय संपला.

नाही, खरंच. तो फिरोजी रंग येतो तो पाण्यात तरंगणाऱ्या चुन्याच्या अगदी बारीक कणांमुळे, आणि खालचा तळ फिका असल्यामुळे. पावसाळ्यात डोंगराची माती येते आणि सगळं चहा. जुलै-ऑगस्टमध्ये जोरदार पावसानंतर क्वांग सी म्हणजे आपला भिवपुरीचा धबधबा, फक्त विमानाचं तिकीट काढून बघितलेला. क्वांग सी लुआंग प्रबांगपासून साधारण 30 किलोमीटर, मोठी धार सुमारे 60 मीटर उंच, खाली वाट्यावाट्यांची तळी, आणि गेटमधून आत शिरल्याशिरल्या अस्वलांचं एक आश्रयस्थान आहे, शिकाऱ्यांकडून आणि तस्करांकडून सोडवलेली अस्वलं तिथे ठेवलीत. तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान.

तुमचं जर बँकॉक ठरलेलंच असेल तर एरावन करा, कांचनाबुरी प्रांतात आहे, बँकॉकहून सकाळी लवकर निघून एका दिवसात होतं पण दमछाक होते, मी म्हणेन कांचनाबुरीला एक रात्र राहा. सात टप्पे आहेत आणि नाव आपल्या ऐरावतावरूनच, सातव्या टप्प्याचा दगड म्हणे हत्तीच्या डोक्यासारखा दिसतो, मला काही दिसला नाही पण तोपर्यंत मला काहीच दिसत नव्हतं, इतकी धाप लागली होती. वरचे टप्पे दुपारनंतर लवकर बंद करतात म्हणून आधी वर जा आणि उतरताना पोहा, आम्ही उलटं केलं आणि सहाव्यावरून परत धावत वर गेलो.

दोन गोष्टी कोणी सांगत नाही. एक म्हणजे दुसऱ्या टप्प्यापुढे खाणं नेऊ देत नाहीत, आणि प्लास्टिकची बाटली न्यायची तर 20 बाट डिपॉझिट, परत येताना बाटली दाखवा आणि पैसे घ्या. मला हा नियम इतका आवडला ना, पावसाळ्यात आपल्या धबधब्यांवर वेफर्सची पाकिटं बघते तेव्हा दरवेळी आठवतो. दुसरी म्हणजे मासे. पाण्यात पाय टाकला की बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंतचे मासे येऊन पायाची सालं खातात, मॉलमध्ये पैसे देऊन करतात तेच, पण मॉलमधले मासे एवढे असतात आणि हे... माझी मैत्रीण जी किंचाळली, वरच्या टप्प्यावरचे लोक वाकून बघायला लागले. हलत राहिलात तर चावत नाहीत. उभं राहून फोटो काढायला गेलात की आलेच.

जुलैशिवाय सुट्टीच नसेल तर ह्या वर्षी दुसरं काहीतरी करा आणि हे डिसेंबरवर टाका.

प्रश्न: मेक्सिकोचं हिएर्वे एल आग्वा. नावाचा अर्थ 'पाणी उकळतंय', मग त्यात उतरतात कसे लोक? आणि धबधबा 'गोठलेला' म्हणजे नक्की काय? मुलगा अमेरिकेत आहे, जाणार आहोत त्याच्याकडे, म्हणून विचारते. – ठाणे

उकळत नाही हो, नुसता आव आणतं! झऱ्यातून गॅसचे बुडबुडे येतात म्हणून उकळल्यासारखं दिसतं, पाणी थंडगार-कोमट, साधारण 22 ते 27 अंश, म्हणजे आपल्या जानेवारीतल्या टाकीच्या पाण्यासारखं. भाची उतरली आणि दोन मिनिटांत बाहेर.

आणि 'गोठलेला' म्हणजे धबधबा असा वाहत नाहीच. पठाराच्या कडेवरून पाण्याचे बारीक ओघळ खाली जातात आणि मागे क्षार ठेवत जातात, असं हजारो वर्षं, त्यामुळे लांबून बघाल तर कड्यावरून मोठा धबधबा कोसळतोय आणि कोणीतरी पॉज केलाय. मोठा सुमारे 30 मीटरचा. मेणबत्ती वितळून बाजूने कसे ओघळ थिजतात, तसं. ओआहाका शहरापासून सुमारे 70 किलोमीटर, शेवटचा रस्ता डोंगराचा. मला त्यातलं सगळ्यात आवडलं ते म्हणजे तिथे प्राचीन झापोटेक लोकांनी काढलेले पाण्याचे पाट आहेत, सुमारे 2500 वर्षं जुने, त्याच झऱ्याचं पाणी शेताच्या पायऱ्यांवर फिरवलेलं, आणि त्या पाटांनाही आता चुन्याचा लेप चढून ते दगडी झालेत. पर्यटक सगळे कुंडाच्या काठावर फोटोला उभे आणि हे बाजूला पडलेलं, भाचीने पण मी सांगितलं म्हणून बघितलं.

एक काळजी घ्या, ती जागा स्थानिक गावकऱ्यांच्या ताब्यात आहे आणि गावकऱ्यांच्या आपसातल्या वादामुळे अधूनमधून बंद झालेली आहे, तेव्हा ओआहाकात पोचल्यावर हॉटेलवाल्याला विचारूनच निघा. अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही असा नियम आहे, पण तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्या, नियम बदलायला वेळ लागत नाही.

प्रश्न: मसुरीला जातोय, वाटेत डेहराडूनची सहस्रधारा करावी का? – बोरिवली

मे महिन्यातला शनिवार-रविवार असेल तर नाही. नदीत सिमेंटची कुंडं केलीत आणि त्यात माणसं, जुहू चौपाटीला अनंत चतुर्दशी. पण सकाळी सातला पोचू शकत असाल तर जा, कुंडांकडे बघू नका, बाजूच्या चुनखडीच्या कपारींत जा जिथे छतातून शेकडो थेंब ठिबकत असतात, नाव त्यावरूनच पडलंय. गंधकाचा झराही आहे, वास येतो. पावसाळ्यात मात्र अजिबात नको, सप्टेंबर 2025 मध्ये ह्याच भागात ढगफुटी होऊन खूप नुकसान झालं. आणि हो, ह्या डून खोऱ्यातल्या चुनखडीच्या खाणींनी डोंगर पोखरले होते, 1985 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यातल्या बऱ्याच बंद करायला लावल्या, आपल्याकडच्या पर्यावरणाच्या सुरुवातीच्या मोठ्या खटल्यांपैकी एक तो.

प्रश्न: पोहायच्या आधी सनस्क्रीन लावलं तर चालतं का? – विलेपार्ले

जाड थर लावून थेट पाण्यात नको, तवंग येतो. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट आणि टोपी. आणि बाहेर आल्यावर साध्या पाण्याने केस धुवा, नाहीतर क्षारांनी झाडूसारखे होतात, अनुभव आहे.

प्रश्न: ताई, रागावू नका. पामुक्कलेहून एक छोटासा तुकडा, अगदी अंगठ्याएवढा, आठवण म्हणून आणला तर कोणाला कळणार आहे? शोकेसमध्ये ठेवायचा होता. – नाव छापू नका, दादर

एअरपोर्टवर कळेल! तो जागतिक वारशाचा भाग आहे, वर प्राचीन शहर आहे, आणि जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्याबाबत तुर्कस्तानचा कायदा फार कडक आहे, तुमच्या हातातला तुकडा डोंगराचा की देवळाचा हे तिथल्या अधिकाऱ्याला समजावत बसायची हौस असेल तर आणा. त्यापेक्षा असं करा, पुढच्या वेळी गिझर सर्व्हिसिंगला माणूस आला की कॉइलवरचा एक चांगला जाडसर पापुद्रा त्याच्याकडून मागून घ्या. बराचसा तोच माल आहे, शोकेसमध्ये ठेवलात तर पाहुण्यांना फरक कळणार नाही, फक्त मला बोलवा बघायला.